आतां पुरे झालें

आमच्या आत्याबाई सांगली जिल्ह्यांतील खानापूर तालुक्यांत एका खेड्यांत राहतात. त्या भागांतील तरुण गलाईच्या धंद्यासाठीं, म्हणजे सोनें-चांदी गाळण्याच्या कामासाठीं, हिंदुस्थानभर पांगलेले. घरीं उरतात तीं बहुधा म्हातारीं माणसें. आत्याबाईंचे दोघे मुलगेहि असेच परप्रांतीं. पैसा वेळेवर येई, फोन येई. तक्रारीस जागा नव्हती. यजमान वारल्यावर मात्र आम्ही साताऱ्याहून जेव्हां जेव्हां जात असूं, तेव्हां त्या एकच वाक्य बोलत : "आतां पुरे झालें, देवानें न्यावें." आम्ही त्यास वैराग्य समजलों, इतकेंच नव्हे, तर चारचौघांत त्याचें कौतुकहि केलें!

वास्तविक त्या पहांटे तीनलाच जाग्या होऊन अंधारांत बसून राहत. जेवण तुटलें होतें. गुडघेदुखीपेक्षां आपण सर्वांस ओझें झालों, हें दुखणें त्यांस अधिक होतें. आणि दारची तुळस वाळली होती. विरक्त मनुष्य संसार सोडील, पण तुळस वाळूं देणार नाहीं, एवढा साधा भेद आमच्या ध्यानांत येऊं नये!

तो आला शेजारच्या, जेमतेम चार इयत्ता शिकलेल्या सूनबाईच्या. तिनें एके दिवशीं सरळ विचारलें, "काकी, जीव द्यावासा वाटतोय काय?" आत्याबाई घटकाभर रडल्या आणि "होय" म्हणाल्या.

आम्हांस हें कळलें तेव्हां प्रथम आम्ही त्या सूनबाईवरच रागावलों. नसता विचार म्हातारीच्या डोक्यांत भरविला, असें वाटलें. मिरजेच्या डॉक्टरांनीं आमची समजूत काढली : विचारल्यानें तो विचार उत्पन्न होत नाहीं, उलट मनावरचा भार हलका होतो, विषाद हा वार्धक्याचा धर्म नसून रोग आहे, आणि त्यास औषध आहे. घरांतील फवारणीचें औषध त्यांनीं आधीं बाहेर काढावयास लाविलें. आत्याबाईंस पोलिसांची धास्ती होती. परंतु २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसास शिक्षेस नव्हे, शुश्रूषेस पात्र मानतो, हें ऐकून त्या मोकळेपणानें बोलूं लागल्या.

गुण यावयास कांहीं महिने लागले. औषधाचें श्रेय आहेच. पण सूनबाईनें दुपारीं आपलें तान्हें मूल आत्याबाईंच्या मांडीवर टाकून खुशाल रानांत जाण्याचा जो परिपाठ ठेविला, त्याचेंहि आहे. आम्ही फळें नेत होतों. काम कोणी दिलें नव्हतें.

शासनाच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून अहोरात्र चालतो, मराठींतहि बोलतां येतें. सूनबाईनें तो देवघराशेजारच्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेविला आहे. परवां गेलों तेव्हां भिंत खराब केल्याबद्दल आत्याबाई तिला रागें भरत होत्या.