रंग कुठे नको

ट्रकच्या चाकाच्या डिस्कला लोक रंग लावतात ते गंज झाकायला. मी लावतो तो पुढचा गंज लवकर दिसावा म्हणून. त्यामुळे रंगाची निवड, महिना, हाताची घाई-सबुरी, सगळंच बदलतं. आणि घरच्यांशी वादही होतात, कारण घरच्यांना डिस्क चकाचक काळी हवी असते.

आमची गाडी टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं. आमची काही इतकी जुनी नाही, पण हर्णै बंदरातली मासळी वाहून वाहून तिने वयातली कसर भरून काढली आहे. क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून गळतं ते थेट मागच्या चाकांवर. मागे दोन-दोन चाकांची जोडी; त्या दोहोंच्या मध्ये पुळणीची रेती, चिखल आणि हे पाणी असा लगदा अडकून बसतो. पुढून बघणाऱ्याला ‘आई एकविरा प्रसन्न’ झळझळीत दिसतं. आतल्या डिस्ककडे बघायला मुद्दाम वाकावं लागतं, आणि वाकतो कोण?

लोखंड, पाणी आणि हवा जमली की गंज सुरू होतो. मीठ आलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि तेच काम झपाट्याने होतं. ॲल्युमिनियमवरही हवेने थर धरतो, पण तो घट्ट बसतो आणि खालचा धातू राखतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. शिवाय ज्या लोखंडापासून तो बनतो त्यापेक्षा बरीच जास्त जागा त्याला लागते, म्हणून तो वरच्या रंगाला आतून ढकलून पोपडा काढतो. गंजावरच रंग फासला तर दोन-चार महिन्यांत रंग फुगतो तो यामुळे. रंगाच्या कंपनीला शिव्या देऊन उपयोग नसतो.

पण गंज बातमीही देतो. नटाच्या कडेने बाहेरच्या बाजूला तांबूस रेघा ओघळलेल्या दिसल्या, तर तो नट ढिला आहे असा संशय घ्यावा. ढिल्या नटाखाली धातूवर धातू घासतो, त्याची बारीक भुकटी होते, पावसाचं पाणी ती बाहेर आणतं. डिस्कला जी हवेची भोकं असतात त्यांच्या कडेपासून, किंवा नट ज्यावर बसतो त्या एका स्टडच्या भोकापासून दुसऱ्याकडे, केसासारखी बारीक तांबडी रेषा गेली असेल तर ती बहुधा चीर असते. चिरेत पाणी शिरतं आणि गंज बाहेर रेषा आखतो. हे सगळं चंदेरी किंवा पांढऱ्या डिस्कवर चार हातांवरून दिसतं. काळ्यावर दिसत नाही. आमच्या घरातल्या तरुण मंडळींना हे पटत नाही. ‘काळ्यावर टायर कसा उठून दिसतो!’ असं त्यांचं म्हणणं. टायर उठून दिसण्यासाठी नसतो, एवढं बोलून मी चंदेरी डबा उघडतो.

गाड्यांना रंग दोनदा लागतो, पासिंगला आणि दसऱ्याला. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. त्याच्या आदल्या संध्याकाळी जो रंग लागतो तो चिखलावर, ग्रीसवर, नटांवर, व्हॉल्व्हवर, कधी टायरवरसुद्धा लागतो. त्याबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही. दसऱ्याचं तसं नाही. खंडेनवमीला हत्यारं आणि गाडी पुजायची, झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, तर चाक स्वच्छ आणि रंगवलेलं असावं ही इच्छा रास्त आहे. पण कोकणात दसऱ्याला पाऊस नुकताच सरलेला असतो, हवेत ओल भरलेली असते. मी दसऱ्याला डिस्क नुसती धुऊन पुसतो. रंग डिसेंबर-जानेवारीत, आंब्याची भाडी सुरू होण्याआधी.

चाक काढण्याबद्दल दोन शब्द कडक लिहितो. डिस्क टायरसकट रंगवता येते, पण ते काम अर्धंच होतं. पुरतं करायचं तर टायर उतरवावा लागतो. आमच्या डिस्कला लॉक रिंग आहे, म्हणजे टायर जागेवर धरणारं वेगळं कडं. हवा भरलेली असताना ते कडं निसटलं तर माणूस मरतो. अशा घटना नाक्यानाक्यावर सांगितल्या जातात आणि त्या खोट्या नसतात. म्हणून चाकाचे नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. जोडचाक असेल तर दोन्ही चाकांची. मोठ्या ट्रकच्या टायरमध्ये शंभर पाउंडांच्या आसपास हवा असते, आमच्यात कमी. पण कमी म्हणजे थोडी नव्हे. टायर चढलेला असताना डिस्कवर वेल्डिंग करायचं नाही, नट अडकला म्हणून गॅसची आगही दाखवायची नाही. गाडी जॅकवर उभी ठेवून खाली हात घालायचा नाही, घोडी लावायची, उरलेल्या चाकांना दगड लावायचे. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, ते माहीत नसेल तर माणूस नट सोडवायच्या नादात घट्ट करत बसतो. टायर उतरवणं आणि चढवणं मी घरी करत नाही. ते नाक्यावरचा पंक्चरवाला करतो, पिंजरा लावून हवा भरतो. घरी येते ती मोकळी डिस्क.

आता पाणी. आमच्या वाडीतल्या खालच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. ते वापरून डिस्क धुणं म्हणजे मीठ काढायला मीठच लावणं. वरच्या आळीतून गोडं पाणी आणावं लागतं. डिस्कवर डोळ्यांना न दिसणारं मीठ उरलं आणि त्यावर रंग बसला, की ते रंगातून ओल शोषत राहतं आणि खाली बारीक फोड येतात. आधी धुण्याच्या पावडरीने ग्रीस काढायचं, मग गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, मग उन्हात. गॅरेजात डिझेलने पुसायची पद्धत आहे. डाग जातो खरा, पण तेलाचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. तारेचा ब्रश ग्रीस काढण्याआधी फिरवला तर ग्रीस गंजात आणखी आत घासलं जातं, म्हणून हा क्रम मोडायचा नाही.

जुना रंग आधी पाण्याने ओला करून घासतो. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे, पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा. गाडीवरच्या जुन्या थरांत काय असेल ते कोण सांगणार? ती धूळ अंगणात नको, आणि पोरं आसपास नकोत. पोपडे सुटले की डिस्क वाळवायची आणि ग्राइंडरला तारेचा कप ब्रश. चष्मा हवाच, ब्रशची तार सुटून शर्टात रुतलेली मी पाहिली आहे.

ब्रश फिरला की डिस्क वाचता येते. वर्षभरात तिला पुरतं निरखायची हीच एक संधी. पिठासारखा वरवरचा गंज निघाला आणि खाली करडं पोलाद आलं तर ठीक. खड्डे असतील तर ते किती खोल आणि कुठे हे पाहायचं. मधल्या भागावर उथळ खड्डे चालतात. पण लॉक रिंग ज्या खोबणीत बसते ती खोबण खाल्ली गेली असेल, कडेला पोलाद पातळ झालं असेल, किंवा स्टडचं भोक लांबट झालं असेल, तर ब्रश बंद करायचा. त्या डिस्कला रंग लागत नाही. ती भंगारात जाते, तीही खोबणीवर छिन्नीने घाव घालून, म्हणजे दुसरा कुणी स्वस्तात उचलून चढवणार नाही. हा निर्णय फार जड जातो, कारण तोवर हातांनी बरंच काम केलेलं असतं.

खड्ड्यांच्या तळाशी गंज उरतोच. त्यावर हार्डवेअरच्या दुकानात फरशीचं ॲसिड सुचवतात. ते मुळीच वापरू नये. गंज विरघळतो खरा, पण त्यातलं क्लोराईड मागे राहतं आणि डिस्क डोळ्यांदेखत पुन्हा तांबडी होते. फॉस्फोरिक ॲसिड असलेलं द्रावण मिळतं, ते उरलेल्या गंजाचं फॉस्फेट करतं. दुसऱ्या प्रकारचं द्रावण टॅनिनचं असतं. ते लावल्यावर तांबडा डाग बघता बघता निळसर काळा होतो. सह्याद्रीतला हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी दौतीतली शाई व्हायची तिची रसायनविद्या हीच. त्या दौतीतला काळा तोच माझ्या डिस्कच्या खड्ड्यात धरतो, याचं मला दरवेळी बरं वाटतं.

नंतर प्रायमर, आणि तोही त्याच दिवशी. उघडं पोलाद आमच्या हवेत एक रात्र काढू शकत नाही. साधा रेड ऑक्साईड मी वापरतो, ऐपत असेल तर एपॉक्सी चांगला. रेड ऑक्साईडमधला तांबडा रंग लोहाच्या ऑक्साईडचाच, म्हणजे गंजाच्याच गोत्रातला. फरक असा की गंजात पाणी बांधलेलं असतं आणि हा कोरडा, जे व्हायचं ते होऊन गेलेला. अंगणातली जांभ्याची माती आणि भिंतीवरची काव ही त्याचीच भावंडं. जुन्या काळी जहाजांना आणि पुलांना शेंदूर तेलात कालवून देत; तो शिशाचा, गंज फार छान रोखायचा आणि माणसाला विषारी. पण नुसता रेड ऑक्साईड पाणी अडवत नाही. कोकणात खिडक्यांचे गज वर्षानुवर्षं तांबड्या प्रायमरवर उभे असतात, वरचा रंग ‘पुढच्या वर्षी’. ते गज आतून चाललेले असतात.

रंगाची पुस्तकं सांगतात की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पोलाद दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवं. घरी हे मोजायला काही नाही. मी ओलं फडकं डिस्कवरून एकदा फिरवतो; ती ओल दहा-पंधरा मिनिटांत उडाली तर डबा उघडायचा. सकाळी दव असतं, म्हणून दहाच्या आधी नाही. दुपारी तीननंतर नवा हात मारायचा नाही, नाहीतर रात्रीच्या दवाने चकाकी जाऊन पांढुरका थर चढतो. हात पातळ द्यायचे. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात चांगले, हे प्रत्येक रंगारी सांगतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक विसरतं. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, त्या कौलांसारख्या एकमेकींवर पडतात आणि पाण्याला लांबचा वळसा घ्यायला लावतात. म्हणूनही चंदेरी. मात्र ब्रश सारखा पुढेमागे केला तर चकत्या विस्कटतात, म्हणून एका दिशेने न्यायचा आणि सोडून द्यायचा.

आता ज्या जागा रंगवायच्या नाहीत त्या. नट ज्या वाटीत बसतो ती वाटी. डिस्क हबला जिथे टेकते ती सपाटी. आणि जोडचाकात दोन डिस्क एकमेकींना टेकतात ती जागा. इथे रंगाचे थर चढले तर नट आवळताना माप बरोबर येतं, पण आवळलेला असतो रंग. गाडी धावते, डिस्क तापते, रंग चेपतो, नट ढिला पडतो, स्टड तुटतो. जोडचाकात थर किती जागी साचतात ते मोजा: हब आणि आतली डिस्क, दोन डिस्कमधल्या सपाट्या, बाहेरच्या वाट्या. मी त्या जागांवर प्रायमरचा अगदी पुसट हात देतो, वरचा रंग देत नाही. वाट्यांत कागदाचे बोळे कोंबतो. डिस्कच्या टायरखाली झाकल्या जाणाऱ्या बाजूला, जिथे ट्यूब आणि फ्लॅप टेकतात, तिथे रंग हवा, कारण व्हॉल्व्हच्या भोकातून पाणी आत जातंच. पण तो पुरता कडक झाल्याशिवाय टायर चढवायचा नाही, नाहीतर फ्लॅप चिकटतो. हाताला कोरडा लागणारा रंग आतून कोरडा नसतो. नख दाबून खूण उठली तर अजून थांबायचं.

पंक्चरवाला मल्याळी आहे, मराठी बोलतो ते बंदरावरचं. रंगवलेली डिस्क नेली की आधी वाटीत बोट फिरवतो.

“भाऊ, इथे रंग नाय ना?”

“नाही रे, नुसता प्रायमर आहे.”

“तो पण घासून टाकतो जरा. तुमचा रंग चांगला हाय, पण माझा नट तुमच्या रंगाला वळखत नाय.”

आणि कानस काढून घासतोच. मी बोलत नाही.

चढवताना नट समोरासमोरच्या जोड्यांनी, आधी हलके, मग चाक जमिनीला टेकवून कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने. पाइप घालून पान्यावर उडी मारणारे स्टडला ताणून कमजोर करतात. त्याने नट घट्ट बसतो हा भ्रम आहे. रंगवलेली चाकं चढवल्यानंतरची पहिली खेप मी खेडपर्यंतच मोकळी समजतो. हर्णैहून खेड पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, आणि पन्नास ते शंभरच्या दरम्यान नट पुन्हा तपासावेत असा दंडक आहे. हमरस्त्याला लागण्याआधी गाडी बाजूला घेतो, पाना काढतो आणि सगळे नट तपासतो. बहुतेक जागेवर असतात. एखादा थोडा फिरतो, तेवढं चालतं. पाव फेरा किंवा त्याहून जास्त फिरला तर मी पुढचा कशेडी घाट चढत नाही. तिथेच चाक काढून वाटीत बघतो, रंग कुठे राहिला ते. मासळीवाला फोनवर ओरडत असतो, बर्फ वितळत असतो. ओरडू दे.