मावेल तेवढा

आईच्या वहीतील नानकटाईची कृती जेमतेम पाच ओळींची आहे. वही म्हणजे वडिलांना कचेरीतून मिळालेली १९८१ सालची डायरी. तारखांशी आईला काही कर्तव्य नव्हते, त्यामुळे लिंबाचे लोणचे जानेवारीत आणि तिळाच्या वड्या जूनमध्ये आल्या आहेत. नानकटाई १७ ऑगस्टच्या पानावर आहे. ती अशी: ‘लोणकढे तूप १ वाटी (थिजलेले). पिठीसाखर १ वाटी. हाताने पुष्कळ फेसणे. वेलची, जायफळ, चिमूट सोडा. मैदा मावेल तेवढा. वर चारोळ्या तीन. भट्टीतून आणणे.’

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवतो. संहितेतील मौन, अध्याहृत अर्थ, वाचकाने भरून काढायच्या रिक्त जागा यांवर वर्गात बोलताना वोल्फगांग इझरचे नाव दर वर्षी घेतो. पण या पाच ओळींत किती रिक्त जागा आहेत, हे कळायला मला २०२४ सालची दिवाळी उजाडावी लागली.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आई गेली. वर्षाच्या आत घरात सण नसतो, कढई चढत नाही, हे सांगायला आत्याचा फोन आश्विन लागताच आला. फराळ शेजारपाजारचे आणून देतात, तो घ्यावा. आपण तळण करू नये. ताईचाही फोन आला. दर वर्षी भाऊबीजेला ती सांगलीहून साताऱ्याला येते. यंदा यायचे नाही असे तिने ठरवले होते. ‘आपली दिवाळी नाहीच या वर्षी. आणि आता आई नाही, तर येऊन तुमच्या मागे काम कशाला लावू?’ हे ती सहज बोलून गेली. पण त्या ‘तुमच्या’ने मला दचकायला झाले. आई होती तोवर ताईच्या बोलण्यात हे घर ‘आपले’ होते. आई गेली की माहेर संपते, हे वाक्य मी कथाकादंबऱ्यांत इतक्यांदा वाचले होते की ते कधी माझ्याच घरात, फोनवर, ताईच्या आवाजात ऐकू येईल असे वाटले नव्हते.

वही तेव्हा हाती आली. खरे तर ती बारा वर्षांपूर्वीच यायला हवी होती. ‘तुझं अक्षर चांगलं आहे, ही वही नीट उतरवून ताईला दे,’ असे आईने मला सांगितले होते. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की करतो, असे मी म्हणालो. नंतर पीएच.डी.चा प्रबंध आला, नंतर महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची कागदपत्रे आली. आईने दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. तोवर एका संतकवीच्या दोन हस्तलिखितांतील पाठभेदांवर मी एक लेखही लिहून झालो होतो. आमच्याच फडताळातील हस्तलिखित तेवढे उघडायचे राहिले.

वही चाळताना १७ ऑगस्टच्या पानाशी थांबलो. नानकटाई तळायची नसते, भाजायची असते. कढईचा प्रश्नच नाही. आत्याला विचारले, तर क्षणभर थांबून ती म्हणाली, ‘भट्टीचं ते काही तळण नव्हे. कर.’ धर्मशास्त्राचा इतका सोयीस्कर निर्णय मला आजवर मिळालेला नाही.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या फराळातला हा एकच जिन्नस घराबाहेर तयार होई. नावातला ‘नान’ फारसीतला, म्हणजे रोटी. जन्मकथा सुरतेच्या डच व्यापाऱ्यांच्या बेकरीशी जोडून सांगतात. थोडक्यात, देवाच्या नैवेद्याशी संबंध नसलेला हा पाहुणा मराठी घरांत येऊन चकली-अनारशांच्या पंगतीला बसला. घरी कोणाकडेही ओव्हन नसे. वसुबारसेच्या आधी दोन-चार दिवस पेठेतल्या बेकरीसमोर रांग लागे. बायकांनी घरी मळून, वळून दिलेल्या नानकट्या पत्र्याच्या ताटांत मांडून मुले ती डोक्यावरून नेत. बेकरीवाले चाचा ताटाच्या कडेवर खडूने आकडा घालत आणि ‘पाव निघाल्यावर या’ म्हणत. पावाला भट्टी कडक लागते. पाव बाहेर पडला की जाळ ओढून घेतात आणि उरलेल्या, उतरत्या उष्णतेवर नानकटाई भाजतात. त्या मंद आचेतच तिला वरून तडे जातात. वरचा पापुद्रा सुकून बसतो, आत सोडा फुगत असतो, मग पापुद्रा फुटतो. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने चाचा ताटे बाहेर ओढत, तेव्हा वेलचीचा आणि तुपाचा वास अख्ख्या पेठेला सांगे की दिवाळी आली. ताट नेणे आणि आणणे हे माझे काम. मळताना आईजवळ ताई असे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतले तिचे, बाहेरचे माझे, अशी ती वाटणी कोणी न करता झालेली होती.

घरात आता ओव्हन आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी पहिला घाणा केला. कंसातल्या ‘थिजलेले’ या शब्दाकडे माझे दुर्लक्ष झाले. ऑक्टोबरच्या उन्हाळ्याने तूप आधीच पातळ झाले होते, तसेच घेतले. मैदा मला योग्य वाटला तेवढा घातला. पंधरा मिनिटांनी पाहिले, तर सोळा नानकट्यांची मिळून एक पोळी झाली होती. दुसऱ्या घाण्याला तूप फ्रिजमध्ये घालून थिजवले आणि मैदा सढळ हाताने घातला. या वेळी नानकट्या पसरल्या नाहीत, फुटल्याही नाहीत. गोट्या झाल्या. वडील बाहेरच्या खोलीत बसून सगळे पाहत होते. एप्रिलपासून ते फारसे बोलत नसत. त्यांनी एक गोटी उचलली, चहात बुडवली, बराच वेळ तिची वाट पाहिली आणि बशीत ठेवून दिली.

तेव्हा मी ताईला फोन केला. ‘मावेल तेवढा म्हणजे किती?’

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ती हसली. आणि ते हसणे अर्ध्यावर कुठेतरी मोडले. ‘अरे, ते फोनवर कसं सांगू? हाताला कळतं ते.’ थोड्या वेळाने तिचाच फोन आला. ‘पहाटेच्या एसटीनं येते. तूप रात्री बाहेर ठेवू नकोस.’

पाडव्याच्या सकाळी ताई आली. चहाही न घेता तिने परात पुढे ओढली आणि थिजलेले तूप तळहाताच्या टाचेने फेसायला सुरुवात केली. मला वाटले होते, पाच मिनिटांचे काम. ती अर्धा तास फेसत होती. पिवळसर तूप हळूहळू पांढरे होत गेले, हलके होत गेले. त्यातला एक ठिपका तिने वाटीभर पाण्यात सोडला, तो तरंगला. ‘आता,’ ती म्हणाली. वहीत हा ठिपका नाही. ‘पुष्कळ फेसणे’ एवढेच आहे. मग तिने मैदा मुठीमुठीने घालायला घेतला. प्रत्येक मुठीनंतर थांबे, मूठ वळून पाही. ‘बघ, अजून हाताला तूप सुटतंय. अजून एक मूठ.’ पुढे एका मुठीला ती अर्ध्यावर थांबली. ‘बस. आता तूप मैदा घेत नाही.’ माझा हात धरून तिने परातीत घातला. गोळा मऊ होता, बोटांना न चिकटता बोटांची खूण राखत होता. ‘मावेल’ या क्रियापदाचा कर्ता मी नव्हतो, तूप होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. मी दोन्ही वेळा माझ्या मताने मैदा घातला होता. विचारायचे होते तुपाला.

मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आले. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे घरोघर नेली. छापील पुस्तकाचा वाचक अनोळखी असतो. तो कुठे बसून वाचणार, त्याच्या शेजारी कोण असणार, हे लेखिकेला ठाऊक नसते, म्हणून तिला सगळे सांगावे लागते. आईच्या वहीचा वाचक अनोळखी नव्हता. जिला सांगायचे ती परातीशी बसलेली होती. वही ही तिच्यासाठी नुसती आठवणीची गाठ होती, पदराला मारावी तशी. मी ती गाठच कापड समजून वाचत होतो. बारा वर्षांपूर्वी मी वही उतरवून दिली असती, तर ती बिनचूक उतरवली असती. आणि मला त्यातले काहीही कळले नसते. याने माझा अपराध कमी होतो असे मात्र नाही. तेव्हा लिहायला बसलो असतो, तर ‘हे किती?’ असे विचारायला आई शेजारी होती.

दुपारी ताट घेऊन मी बेकरीत गेलो. ओव्हन घरी असताना भट्टीकडे कशाला, असे ताईने विचारले नाही. चाचा जाऊन बरीच वर्षे झाली. आता त्यांचा मुलगा बसतो, वयाने माझ्याएवढाच. मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने पुढे २०२५ च्या जानेवारीत दिला. आमच्या पेठेतल्या बेकरीत त्याच्या आधीच विजेचा ओव्हन आला होता, पण पावासाठी जुनी भट्टी अजून पेटत होती. घरून ताटे घेऊन येणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘पाव निघाल्यावर या,’ तोही म्हणाला. मग ताटाकडे पाहून थबकला. ‘तीन चारोळ्या. मास्तरांचं घर ना?’

आमच्या घरात मास्तर कोणी नव्हते. माझे आजोबा होते, १९७४ पर्यंत. मी विचारले, तर त्याने सांगितले. भट्टीच्या धगीने, हाताळण्याने ताटावरचा खडू पुसला जाई. चार घरांची ताटे सारखी दिसत. म्हणून घराघराची खूण ठरलेली होती. कोणाचा बदामाचा काप, कोणाच्या वाटीच्या कडेने उमटवलेली चंद्रकोर, कोणाचा बेदाणा. ‘तीन चारोळ्या म्हणजे मास्तर. अब्बांनी मला अक्षरं यायच्या आधी ह्या खुणा शिकवल्या.’

लहानपणी माझे ताट मला कधीही चुकीचे मिळाले नव्हते. ती मी चाचांच्या स्मरणशक्तीची करामत समजत होतो. ‘वर चारोळ्या तीन’ ही ओळही मी सजावट म्हणून वाचली होती. ती सही होती. आणि ती वाचणारा माणूस आमच्या घरात नव्हताच, भट्टीशी उभा होता. कृतीचे शब्द माझ्याकडे राहिले, माप ताईच्या हातात राहिले, सहीचा अर्थ बेकरीत राहिला. पाच ओळींची संहिता तीन ठिकाणी वाटलेली, आणि कोणा एकाला ती पुरती वाचता येऊ नये अशी.

भाऊबीजेला, रविवारी, ओवाळणे नव्हते. वरण-भात, तोंडल्यांची भाजी, शेजाऱ्यांनी दिलेल्या फराळाचे डबे आणि मधोमध नानकट्यांचे ताट. वडिलांनी एक उचलली, मधोमध मोडली, आतून कोरडी आहे ना ते पाहिले आणि खाल्ली. मग म्हणाले, ‘जायफळ जास्त झालंय.’ हे वाक्य ते दर दिवाळीला आईला म्हणत. ताईने माझ्याकडे पाहिले. जायफळाचे माप वहीत नाही, आणि त्या दिवशी ते तिनेही मोजले नव्हते. वडिलांनी दुसरी उचलली.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वही उतरवून काढली. १७ ऑगस्टच्या पानाशी बराच वेळ अडलो. आता मला माप ठाऊक होते. ताईने किती मुठी घातल्या ते मी मोजले होते. दोन वाट्या आणि वर थोडा. ते लिहावे, निदान तळटीप तरी द्यावी, असे वाटत होते. शेवटी ‘मैदा मावेल तेवढा’ असेच लिहिले आणि प्रत सांगलीला पाठवली.

पोचल्याचा ताईचा फोन आला. अक्षर चांगले आले आहे, म्हणाली. १७ ऑगस्टचे पान तिने आधी उघडून पाहिले होते. ‘माप लिहिलं नाहीस ते बरं केलंस. दिवाळीला विचारायला फोन कर.’