मे महिन्याचा संघ

अमेरिकेत केप कॉडच्या किनाऱ्यावर कॉलेजची मुले उन्हाळाभर बेसबॉल खेळतात, गावातल्या कुटुंबांकडेच राहतात. आमचा इन्सुलीचा क्रिकेटसंघही असाच, सुटीपुरता. १९६१ साली सावंतवाडीस कॉलेज निघाले, तरी आम्ही पुष्कळजण मुंबईलाच शिकत होतो. मे महिन्यात गावी आलो की भात कापलेल्या मळ्यात डाव मांडायचा. केप कॉडला १९८५ पासून बॅट लाकडीच लागते. आमची माडाच्या झावळीच्या दांड्याची! चेंडू विहिरीत गेला, तर काढून आणील त्याची फलंदाजी आधी. हा कायदा कोणत्या पुस्तकातला, देव जाणे. मिरगाचा पाऊस आला, मळ्यात नांगर उतरला, की संघ मोडला.

यंदा पाचच मुले आली. बाकीची गोव्यात नोकरीला. सहावी म्हणून नातीला घेतले. चेंडू विहिरीत गेला, तेव्हा तीच उतरली. फलंदाजी अर्थातच तिची.