कुलपातलं मशीन

मी कॉन्व्हेंटवाली. ‘मूत्रपिंड’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो थेट दवाखान्यात! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना साताऱ्याहून सांगलीला, आत्याच्या गावी, ॲडमिट केलं होतं. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, “डायलिसिस आजच सुरू करू.”

त्यासाठी मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची होती. शीर बाहेरून दिसत नाही आणि तिला लागूनच धमनी. चुकून सुई धमनीत गेली तर? माझ्या पोटात गोळाच आला. तेवढ्यात सिस्टर चाकांवरचं छोटं सोनोग्राफी मशीन ढकलत कॉटपाशी आल्या.

“इंजिनिअरिंगला ना तू? ये, बघ,” डॉक्टर म्हणाले. मानेवर जेल लावून त्यांनी प्रोब ठेवला. पडद्यावर दोन काळी वर्तुळं. प्रोब जरासा दाबताच एक चपटं झालं, दुसरं तसंच गोल. “चपटी झाली ती शीर. धमनी अशी दबत नाही.” बस, इतकं सोपं! प्रोबमधला क्रिस्टल विजेने थरथरतो, ध्वनिलहरी सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीची पुन्हा वीज करतो, हे मी चार मार्कांसाठी पाठ केलं होतं. समजलं मात्र त्या दिवशी.

मग त्यांनी किडन्या पाहिल्या. लघवीची वाट तुंबली असेल तर किडनी फुगलेली दिसते आणि ती वाट मोकळी केली तर सावरूही शकते. आजोबांच्या किडन्या फुगल्या नव्हत्या, आक्रसल्या होत्या. म्हणजे दुखणं जुनं. फुप्फुसात पाणी साठलंय का, तेही याच मशीनने बघितलं.

मी विचारलं, “सर, इतकं छोटं मशीन घरोघरी का नेत नाहीत?” त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ कायदा १९९४ चा. २०१२ च्या नियमानुसार असं मशीन फक्त नोंदणी झालेल्या हॉस्पिटलात, दाखल पेशंटसाठी, नाहीतर फिरत्या दवाखान्यात वापरता येतं. काम झालं की कुलपात.

डॉक्टर तयारीला गेल्यावर मी चिडून म्हटलं, “किडनीच्या पेशंटांनी काय पाप केलंय?”

आत्या आजोबांचे पाय चेपत होती. मान वर न करता म्हणाली, “माझं माहेरचं नाव ठावं हाय का तुला? नकुसा. तिसरी पोरगी म्हणून. तवा हे मशीन असतं तर मी नसते.”

आजोबा डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते.

नंतर मी वाचलं. २०११ मध्ये साताऱ्यात अशा ‘नकुशा’ २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. आणि २०१७ मध्ये सांगलीजवळच्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. कुलूप उगाच नाही लागलं.

आता आत्याच आजोबांना डायलिसिसला नेते. माझ्या डोक्यात मात्र एक किडा वळवळतोय. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकं खोलवरचं कमी दिसतं. मग फक्त मानेतली शीर दाखवेल, गर्भापर्यंत पोचणारच नाही, असं मशीन आपण बनवलं तर? कायदा त्यालाही लागेल, माहीत आहे. तरी फायनल इयर प्रोजेक्टला कुणी पार्टनर होतंय का?