कान मराठी हवा

वाचा-श्रवणोपचाराचं पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीतून होतं, पण समोर बसलेलं मूल अडतं ते मराठीत. 'बाळ' म्हणताना त्याची जीभ मागे वळली नाही, तर 'बाल' ऐकू येतं. इंग्रजी चाचणीत ळ नाहीच, मग हा दोष सापडणार कसा? उलट वऱ्हाडातलं मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणालं, तर ती त्याची बोली; तिच्यावर उपचार करणं हा अन्याय. कुणी म्हणेल, शास्त्र सगळीकडे एकच. खरंय, नुसत्या स्वराची श्रवणचाचणी भाषा विचारत नाही. पण शब्द ओळखण्याची चाचणी शब्दांवरच उभी असते. म्हणून मुंबईतल्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांनी प्रबंधासाठी मराठी ध्वनी जरूर निवडावेत. पुस्तकं इंग्रजी असोत. कान मराठीच हवा.