सटनचा पट्टा

स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये सगळी मंडळी कडक. डायल, खटके, नळ्या, धातूची चौकट. जे जिथे बसवलं तिथेच राहील. एकटा हा गडी, वैमानिकाला सीटला बांधणारा पट्टा, कापडी. तो वळतो, लोंबतो, मळतो, वैमानिक उठून गेला की वाटेल तसा पडून राहतो. छोट्या प्रमाणातलं विमान बनवणाऱ्यांना बाकी सगळं जमतं आणि याच्यापाशी येऊन हात अडतो, तो यामुळेच.

घराणं जुनं. पहिल्या महायुद्धातल्या ऑलिव्हर सटन या ब्रिटिश वैमानिकाच्या डोक्यातून निघालेला हा पट्टा, नावही त्याचंच. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या स्पिटफायर आणि हरिकेन, दोन्हींत वैमानिकाला याच्याच मिठीत बसावं लागे. एकूण चार पट्टे: दोन खांद्यांवरून येणारे, दोन मांड्यांवरून. बक्कल नाही. त्याऐवजी पितळी कडांच्या भोकांची रांग आणि एक निमुळती खुंटी. आपल्या मापाचं भोक शोधायचं, पट्टे एकावर एक खुंटीवर चढवायचे आणि खुंटीच्या टोकाला पिन अडकवायची. पिन हरवू नये म्हणून तिला दोरी. ती पिन एकदा ओढली की चारही पट्टे एकदम सुटे. विमान पेटल्यावर एकेक बक्कल सोडत बसायला वेळ कुणाला असतो? आणि भोकांची रांग एवढ्यासाठी की उंच, बुटका, जाड जाकीट घातलेला, नुसत्या सदऱ्यावरचा, सगळ्यांना तोच पट्टा पुरला पाहिजे.

आता हाच गडी लहान करून बघा. मूळ पट्टा दोन इंच रुंद धरला, तर १:३२ प्रमाणात तो दीड मिलिमीटरच्या थोडा वर, १:४८ मध्ये जेमतेम एक, आणि १:७२ मध्ये ०.७ मिलिमीटर. रुंदीचं एक वेळ जमवता येतं. खरी गोची जाडीची. दोन मिलिमीटर जाडीचं कापड १:४८ मध्ये ०.०४ मिलिमीटर व्हायला हवं. किटबरोबर येणाऱ्या सीटवर प्लॅस्टिकमध्येच ओतलेले पट्टे पाहिलेत का? खऱ्या मापात नेले तर ते चांगले दोन बोटं जाड भरतील.

म्हणून लोक पितळेकडे वळतात. रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्यात भोकं आणि खुंटी इतकी रेखीव उतरतात की भिंग लावून बघत बसावं. पण पितळ म्हणजे पितळ. ते वाकतं, मऊ पडत नाही. सीटच्या कडेवरून खाली येताना जिथे घडी पडायला हवी तिथे कोन पडतो. मेणबत्तीवर धरून तापवलं की नरम होतं हे खरं, पण आधीच रंगवून आलेलं पितळ तापवलं तर रंग जळतो, आणि न तापवता वाकवलं तर घडीवर रंगाचे टवके उडतात. माझं मत विचाराल तर भोकं थोडी कमी रेखीव चालतील, पट्टा कॉटवर टाकलेल्या पंच्यासारखा पडला पाहिजे. त्यासाठी शिशाचा पातळ पत्रा किंवा साधी मास्किंग टेप बरी. टेप काचेवर चिकटवायची, नव्या पात्याने पट्टी कापायची, चिमट्याने उचलून सीटवर ठेवायची आणि ओल्या ब्रशच्या टोकाने हळूहळू खाली दाबत न्यायची. रंग मळकट पांढरा, खाकीकडे झुकलेला. भोकं? सुईचं टोक पितळी रंगात बुडवून ठिपके द्यायचे. शेवटी पातळ तपकिरी रंग शिवणीत आणि घड्यांत जिरवायचा. १:७२ मध्ये ठिपकेही नकोत. तिथे ते गोवर आल्यासारखे दिसतात.

या गड्याचं सगळ्यात मोठं गुपित मात्र पाठीमागे आहे. बहुतेक मॉडेलांमध्ये खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवर येऊन संपतात. जणू तिथेच चिकटवले होते! खऱ्या स्पिटफायरमध्ये ते पाठीवरून मागे जातात, सीटमागच्या चौकटीतून पार होतात आणि धडाच्या शेपटाकडच्या भागात गेलेल्या एका तारेला जोडलेले असतात. त्यामुळे एक खटका सोडला की पट्टा न काढताही वैमानिकाला पुढे झुकता येई. हे ठाऊक नसलं की पट्टा नुसती सजावट होऊन बसतो. सीटचं बूड खोल वाटीसारखं का, हेही लक्षात ठेवावं: वैमानिक पॅराशूटच्या घडीवरच बसायचा. पॅराशूट त्याच्याबरोबर जायचं, सटनचा पट्टा विमानातच राहायचा. रिकाम्या सीटवर दोन्ही एकत्र गुंडाळून टाकणारे पुष्कळ आहेत. आणि आज प्रदर्शनांत उडणाऱ्या स्पिटफायरचे फोटो बघून पट्टे बनवणाऱ्यांनी तर विशेष जपावं. दुरुस्त होऊन उडणाऱ्या विमानांत बहुतेकदा नंतरच्या काळातले, मधोमध गोल खटका असलेले पट्टे बसवलेले असतात. १९४० च्या फोटोतला काळपट, धूसर कोपरा त्यापेक्षा जास्त खरं सांगतो.

आपल्याकडे हरिकेन बनवायला घेणारे बहुधा १९४४ च्या इंफाळचं, भारतीय हवाई दलातल्या अर्जन सिंग यांच्या १ नंबर स्क्वाड्रनचं विमान निवडतात. बिल्ला, क्रमांक, रंग यांवर तासन्‌तास वाद घालतात. सीटकडे मात्र वरवर बघतात, कारण हूड बंद केलं की आत काय दिसणार! थोडं दिसतंच. हूड उघडं ठेवलं तर पहिल्यांदा हाच दिसतो.

तेव्हा स्पिटफायर करताना एवढं करा: धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी ती मागची तार लावून घ्या. एकदा धड बंद झालं की तिथे चिमटाही पोहोचत नाही.