पाचव्या महिन्यात वाई-पाचगणी

चौथ्या महिन्यापासून मळमळ बहुधा ओसरते, पोटही अजून जड झालेलं नसतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर छोटा प्रवास करावा तो याच दिवसांत. अन् त्याला वाई छान!

कृष्णाकाठी ढोल्या गणपतीचं दर्शन घ्यावं, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघावा. तिथल्या घाटाच्या पायऱ्या ओल्या असल्या तर नदी वरूनच पाहावी. पसरणी घाटाच्या वळणांत पोट रिकामं नको, तुडुंबही नको. मोटारीत पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून घ्यावा; दीड-दोन तासांनी उतरून चार पावलं चालावं. पाचगणीच्या टेबललँडवर घोडेवाले हाका मारतील, पण तो मोह नको बरं का! वारा खात बसावं. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवू लागते. कोण जाणे, तिथेच जाणवेल!

याच आठवड्यांतली सोनोग्राफी मात्र सहलीपायी चुकवू नये. फाइल नि लोहाच्या गोळ्या पिशवीत हव्यातच. अंगावरून रक्त वा पाणी गेलं, डोकं असह्य दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच दवाखाना गाठावा. स्ट्रॉबेरी काय, पुढच्या हिवाळ्यात बाळाला घेऊन खाता येतील!